एक 'टक', दोन वाइंडिंग: सेल्फचा सोलेनॉइड वीज कशी खातो

(टेबलावर सुटा सोलेनॉइड, शेजारी 12 व्होल्टची बॅटरी आणि जाड वायरी)

नमस्कार मंडळी. चावी फिरवली, बॉनेटखालून एकच 'टक' आला आणि पुढे शांतता. किंवा मग टकटकटकटक, टाइपरायटर चालू असल्यासारखं. किंवा काहीच नाही. हे तीनही आवाज, म्हणजे तिसरा आवाज नाहीच म्हणा, या मुठीएवढ्या डब्याशी निगडित आहेत. स्टार्टर मोटरच्या डोक्यावर बसतो तो हा सोलेनॉइड. गॅरेजात अख्ख्या स्टार्टरला 'सेल्फ' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

त्याचं काम झटपट सांगतो. आत एक लोखंडी प्लंजर, म्हणजे मागेपुढे सरकणारा दांडा, आहे. तो आत ओढला गेला की एका बाजूला काट्याने बेंडिक्स, म्हणजे मोटरचं छोटं दातेरी चाक, ढकलतो आणि त्याचे दात फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकात, बसतात. दुसऱ्या बाजूला तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबली जाते आणि बॅटरीचा करंट थेट मोटरला मिळतो. हा करंट शंभर-दोनशे अँपिअर, डिझेलला त्याहून जास्त. चावीच्या स्विचमधून तो नेला तर स्विच पहिल्याच दिवशी वितळेल. म्हणून हा मध्यस्थ.

(सोलेनॉइडची मागची बाजू कॅमेऱ्याजवळ)

हे बघा. या जाड बोल्टावर बॅटरीची केबल येते, याचा नंबर 30. या दुसऱ्या जाड बोल्टावरून मोटरकडे पट्टी जाते. आणि ही बारीक पिन, 50. चावी फिरवली की हिच्यावर 12 व्होल्ट येतात.

बहुतेकांना वाटतं आत एक कॉइल, म्हणजे वीज गेली की चुंबक बनणारं तारेचं वाइंडिंग, असेल. दोन आहेत. एक ओढणारी, एक धरून ठेवणारी, आणि दोघींची सुरुवात याच 50 वर. धरणारीचं दुसरं टोक बॉडीला, म्हणजे अर्थला. ओढणारीचं दुसरं टोक मात्र अर्थला नाही! ते आहे इथे, मोटरच्या बोल्टावर. म्हणजे तिचा करंट मोटरच्या आर्मेचरमधून, म्हणजे फिरणाऱ्या भागातून, आणि त्याला टेकून वीज पोचवणाऱ्या कार्बनमधून फिरून मगच अर्थला पोचतो. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

समजण्यापुरते ढोबळ आकडे घेऊ. ओढणारीचा रेझिस्टन्स 0.3 ओहम, धरणारीचा 1.2. चावी फिरवली: पहिलीत 40 अँपिअर, दुसरीत 10. इतका जोर का लागतो? कारण प्लंजर अजून लांब आहे, आणि चुंबकाची ओढ अंतराबरोबर भराभर घटते. त्याच 40 अँपिअरने मोटरही किंचित हलते, त्यामुळे दातावर दात अडला तर तो सरकून आत जायला मदत होते.

प्लंजर आत आला, चकती बसली. आता मोटरच्या बोल्टावर बॅटरीचे व्होल्ट आले. ओढणारीच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकालाही बॅटरी. दोन्हीकडे जवळपास सारखाच दाब, मग करंट वाहणार कशाला? ती आपोआप गप्प. बंद करायला ना स्विच, ना टायमर. उरले धरणारीचे 10 अँपिअर, आणि आता अंतरच नसल्याने ते पुरतात.

करून बघू. बॅटरीचा प्लस 50 ला, मायनस फक्त बॉडीला. मोटरचा बोल्ट मोकळा, म्हणजे एकटी धरणारी चालू. बघा, प्लंजर हलत नाही. आता अंगठ्याने आत दाबतो... सोडला. राहिला आतच! खेचून बघतो, येत नाही. आता मायनसची दुसरी वायर मोटरच्या बोल्टाला लावून पुन्हा पहिल्यापासून.

('ठक्' असा मोठा आवाज)

बोट मध्ये ठेवू नका, एवढंच सांगतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इंजिन सुरू झालं, चावी सोडली, 50 चा पुरवठा तुटला. पण त्या क्षणी चकती अजून बसलेलीच आहे, मोटरच्या बोल्टावर व्होल्ट आहेतच. मग करंट उलटा शिरतो: मोटरच्या बोल्टावरून ओढणारीत, तिथून 50 वर, 50 वरून धरणारीत आणि अर्थला. धरणारी चालूच राहिली! मग सेल्फ सुटतो कसा? दोन्ही कॉइल आता एकामागे एक आहेत, दोघींत तोच आठेक अँपिअर करंट. पण ओढणारीत तो उलट्या दिशेने जातोय. आणि दोघींचे वेढे सारखेच ठेवलेले असतात, तार जाड-बारीक असली तरी. एकीचं चुंबकत्व पुढे, दुसरीचं तेवढंच मागे, बेरीज शून्य. स्प्रिंग प्लंजरला मागे फेकते. ज्याने हे पहिल्यांदा जुळवलं असेल त्याला माझा नमस्कार. वेढे आपसात शॉर्ट झाले की हा हिशोब बिघडतो, आणि चावी सोडली तरी सेल्फ फिरत राहू शकतो.

आता आवाजांकडे येऊ.

टकटकटक: बॅटरी अशक्त. चकती बसते, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, धरणारीचा हात सुटतो. भार गेला की व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढ, पुन्हा कोसळणं. बॅटरी ठणठणीत असूनही टकटक येत असेल तर धरणारी तुटलेली असू शकते, किंवा तिचा अर्थ. ओढणारी आणते, आणताच स्वतः गप्प होते, आणि धरायला कोणीच नाही.

एकच टक: चकती किंवा बोल्टांची टोकं जळली असतील. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. मीटर व्होल्टवर ठेवून दोन जाड बोल्टांवर लावा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. फिरवताना जवळपास शून्य दिसलं पाहिजे, फार तर काही दशांश व्होल्ट. टक येऊनही बारा दिसत असतील तर चकती जोडतच नाहीये. अशा वेळी चावी धरून बसू नका. चकती लागली नाही म्हणजे ओढणारीही बंद झाली नाही, 40 अँपिअर तिच्यातून चालूच. ती अशानेच जळते. आणि हो, 30 च्या बोल्टाजवळ पाना सांभाळून. त्या केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो.

काहीच नाही: आधी 50 वर व्होल्ट येतात का ते बघा, चावी फिरवलेली असताना. बॅटरीवर 12 आणि इथे 7 दिसले तर मधले पाच रिलेत, स्विचमध्ये किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्ये जातायत. व्होल्ट पूर्ण येऊनही आवाज नसेल, तर मी इथेच एकदा फसलोय. सोलेनॉइड मेला म्हणून नवा आणून बसवला. तरी शांतता. शेवटी मोटर उघडली तर कार्बन झिजून पार आखूड झालेले, आर्मेचरला टेकतच नव्हते. ओढणारीचा रस्ताच तुटलेला, आणि एकटी धरणारी लांबून काय ओढणार, आत्ता बघितलंत ना. सेल्फला हातोडीने हलकं ठोकलं की गाडी सुरू होते, ती याच कारणाने: अडकलेला कार्बन क्षणभर टेकतो. तो जुना सोलेनॉइड चांगलाच होता. हाच तो, ज्याच्यावर आत्ता सगळं दाखवलं.