शब्द आधी दिला, बर्फ नंतर पडला

नमस्कार. चॅरिटी मॅरेथॉनची, म्हणजे एखाद्या चांगल्या कामासाठी देणग्या जमवून धावायच्या मॅरेथॉनची, तयारी बर्फाच्या दिवसांत, तीही बाहेर रस्त्यावर कशी करायची, यावर मला बोलायचं आहे. सुरुवात कॅलेंडरपासून करते. बोस्टनची मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते, लंडनचीही बहुतेक वर्षी एप्रिलमध्येच. तिथून सोळा-अठरा आठवडे मागे मोजत या, बोट डिसेंबरवर येऊन थांबतं. म्हणजे २८-३० किलोमीटरचे लाँग रन, तयारीतल्या सर्वांत लांब धावा, नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि थंड मुलखात तेव्हा बर्फ मुक्कामालाच असतो.

नुसतं हौसेनं धावणारा माणूस जानेवारीत म्हणू शकतो, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. आपल्याला ते म्हणता येत नाही, कारण आपण लोकांकडून पैसे घेतलेले असतात. मी पहिल्यांदा अशी धावणार होते तेव्हा पहिली देणगी नोव्हेंबरमध्ये आली आणि पहिला बर्फ डिसेंबरमध्ये पडला. त्या देणगीचा मी असा अर्थ लावला की आता एकही दिवस चुकवायचा नाही. हा अर्थ चुकीचा होता, आणि आज मी मुख्यतः तेवढंच सांगायला आले आहे.

जानेवारीतली एक पहाट. आदल्या दुपारी थोडं ऊन पडलं होतं, बर्फ वितळला होता आणि रात्री ते पाणी पुन्हा गोठलं होतं. रस्ता नुसता ओला दिसत होता. शेजारून एक गाडी गेली, पण तिच्या चाकांनी पाण्याचा एक थेंबही उडवला नाही. माझ्या डोळ्यांनी ते टिपलं, पण डोक्यापर्यंत पोचेस्तोवर मी पडले होते. हात टेकला तो मनगटावर. तीन आठवडे प्लास्टर. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी हीच खूण सांगते: रस्ता ओला दिसतोय आणि चाकं पाणी उडवत नाहीत, तर ते पाणी नाही. तो पारदर्शक बर्फ आहे. त्या दिवशी धावायचं नाही.

ताजा, भुसभुशीत बर्फ वेगळा. त्यावर पाय रुततो, पकड मिळते, फक्त दम जास्त लागतो. पावलं आखूड टाका. पाय पुढे फेकू नका, तो शरीराच्या बरोबर खाली पडला पाहिजे. आणि घड्याळावरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, त्या दिवसापुरता विसरा. वेळापत्रकात १६ किलोमीटर लिहिले असतील, तर एरवी त्याला जेवढी मिनिटं लागतात तेवढी मिनिटं धावा आणि घरी या. अंतर १४ भरलं तरी हृदयाचं, फुप्फुसांचं, पायांचं काम झालेलं असतं. वाट दाबून टणक झाली असेल, तर बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. काही जण जाड तळव्यात आखूड स्क्रू बसवतात, तेही चालतं.

कपड्यांचा हिशेब सोपा आहे. बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला. दारातून निघताना कुडकुडायला झालं पाहिजे. तेव्हाच ऊब वाटली, तर तिसऱ्या किलोमीटरला घाम फुटणार आणि थंडीतला खरा वैरी घामच. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. म्हणून अंगालगत सुती कापड अजिबात नको, ते घाम धरून ठेवतं. लोकर किंवा सिंथेटिक हवं. निघताना वारा तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. उलट केलंत, तर घामेजलेल्या अंगानं वाऱ्यात परतावं लागतं. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी घरातच व्यायाम करावा, यात कमीपणा काही नाही.

पाण्याचंही सांगते. थंडीत तहान मरते, पण श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असतं. बाटली उलटी धरा. बर्फ वरच्या बाजूनं धरायला लागतो, मग तो बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं राहतं. गार हवेनं फुप्फुसं गोठतील अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही, नाकाघशातून जाताना हवा तापते. पण ती कोरडी असते आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. त्यांनी तोंडावर कापड घ्यावं आणि डॉक्टरांना आधी विचारावं.

टेरी फॉक्सबद्दल न बोलता मला हा विषय पुरा करता येणार नाही. कॅनडातला मुलगा, कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. १२ एप्रिल १९८० ला, एकविसाव्या वर्षी, कृत्रिम पायावर तो न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून कॅन्सर संशोधनाच्या मदतीसाठी निघाला. पहिल्या दिवसांतच वादळी वारा, पाऊस आणि बर्फ. रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढं अंतर. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. पॅसिफिक किनारा अजून कितीतरी दूर होता. पण देणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. तो थांबल्यावर देणग्यांचा ओघ उलट वाढला आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत २.४ कोटी डॉलर जमले, म्हणजे त्या वेळच्या कॅनडातल्या माणशी एक डॉलर. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. त्याच्या थांबण्याशी आपल्या एका चुकलेल्या सकाळची बरोबरी मी करत नाही. पण लोक पैसे देतात ते आपल्या हट्टाला देत नाहीत, हे मला त्याच्या गोष्टीतून कळलं.

मनगट बरं झालं आणि मी पुन्हा बाहेर पडू लागले. फेब्रुवारीत एका रविवारी २६ किलोमीटर ठरले होते. पहाटे दाराशी उभी राहून मी दोन गाड्या जाऊ दिल्या. चाकं कोरडी. बूट काढले आणि देणगीदारांना एक ओळ पाठवली: आज रस्ता निसरडा आहे, आज धावत नाही, मंगळवारी बघते. लाज वाटत होती. पहिलं उत्तर आलं ते नोव्हेंबरमध्ये सर्वांत आधी पैसे देणाऱ्या आजींचं. त्यांचे यजमान त्याच आजारानं गेले होते, ज्याच्यासाठी आम्ही निधी जमवत होतो. त्यांनी लिहिलं होतं, "बरं केलंस बाई. मी सकाळपासून खिडकीतून रस्ता बघत होते."