आठळीला दम नाही, बहावा हलत नाही

(दृश्य: रस्त्याकडेचा फुललेला बहावा. खाली पदपथावर काळ्या शेंगा.)

मे महिन्यात ठाण्यात झाडांच्या बिया विकत घ्याव्या लागत नाहीत. बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो आणि त्याच फांद्यांवरून गेल्या वर्षीच्या शेंगा खाली पडत असतात, हात-हातभर लांब, वाळून काळ्या झालेल्या. जांभळी नाक्याच्या बाजारात करवंदं येतात, मागोमाग जांभळं. घरात आंब्याच्या कोयी आणि फणसाच्या आठळ्या साठतात, आणि बहुतेक सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातं.

येऊरच्या जंगलातून मात्र बिया आणायच्या नाहीत. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथल्या बिया तिथल्या रानाच्या कामाच्या आहेत. रस्ता, बाजार आणि सोसायटीचं आवार, एवढ्यात भरपूर मिळतं.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. एका वाटीत आठळ्या, दुसरीत बहाव्याच्या बिया.)

नवशिक्याचा घोळ इथेच होतो. दोन्ही वाट्या तो उन्हात ठेवतो, बिया डबीत भरतो आणि सवडीने लावू म्हणतो. आठळी तोवर मेलेली असते. फणस, आंबा, जांभूळ ही पावसाच्या तोंडावर पिकणारी झाडं. बी पडली की ओल मिळणारच, त्यामुळे थांबून राहायची सोयच तिच्यात नाही. फळ खाल्लं, गर धुतला की शक्यतो त्याच दिवशी बी मातीत गेली पाहिजे. लिंबोळीही काही आठवड्यांतच नासते. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर त्यात नवल नाही. जोमदार असेल तो ठेवावा, बाकीचे खुडावेत. आणि हापूसच्या कोयीतून हापूसच येईल या भरवशावर कुणी राहू नये. फळ कसं निघेल ते सांगता येत नाही, म्हणून तर कोकणात कलमं बांधतात.

बहाव्याची तऱ्हा उलटी.

(दृश्य: बत्त्याने फोडलेली शेंग, अगदी जवळून.)

शेंग फोडली की आत पातळ चकत्यांची रांग दिसते. दोन चकत्यांच्या मधे एकेक चपटी, तपकिरी, चकचकीत बी, आणि बोटांना चिकटणारा काळा गर. हा गर आयुर्वेदात रेचक म्हणून वापरतात, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर जपून. ही बी तशीच पेरली तर महिनोन् महिने मातीत ढिम्म पडून राहते, कारण टरफलातून पाणी आत शिरतच नाही. रानात ते टरफल ऊन-पाऊस झिजवतात, जनावरांच्या पोटातही ते मऊ पडतं. घरी पॉलिश पेपर पुरतो. बीची एक कड घासायची, टोकाची बाजू सोडून, कारण कोंब तिथे असतो. तपकिरी थर जाऊन फिकट रंग दिसला की थांबायचं. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जी बी टम्म फुगलेली दिसेल ती पेरायची. जी फुगली नाही ती पुन्हा घासायची. चिंचोक्याला आणि गुलमोहराच्या बीलाही हाच उपाय लागू पडतो.

पेरायला शोभेची कुंडी नको. सोटमूळ कोंबाच्या आधीच खाली धावतं, म्हणून उथळ ट्रेपेक्षा लिटरभर दुधाची पिशवी बरी, तळाला भोकं पाडून. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू. बी तिच्या जाडीच्या दुप्पट खोल.

(दृश्य: खिडकीचं ग्रिल, बाहेर मुसळधार पाऊस.)

जून लागला की पाणी घालायचं काम संपतं आणि खरी कटकट सुरू होते. काल ताठ उभं असलेलं रोप आज आडवं. मातीलगत देठ काळं पडून मऊ झालेलं असतं. ही मर. सतत ओली माती आणि कोंडलेली हवा हे तिचं कारण, त्यामुळे पिशव्या पागोळ्यांखालून काढून वारा लागेल अशा जागी ठेवाव्यात, दाटीवाटी करू नये. दुसरा शत्रू कबुतर. कोवळी रोपं उपटून टाकण्यात त्याला काय मिळतं कोण जाणे. पण कांद्याची जाळीदार पिशवी वरून ओढली की त्याचा इलाज चालत नाही.

(दृश्य: तांबूस कोवळ्या पानांचं आंब्याचं रोप, शेजारी बहाव्याचं.)

ही रोपं याच पावसात जमिनीत लावायची घाई नको. मोठ्या पिशवीत बदलून पुढच्या जूनपर्यंत घरीच राहू द्यावीत. तोवर जागा आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही बघून ठेवायचं. बहावा मध्यम उंचीचा, विजेच्या तारा टाळून कुंपणालगत खपून जातो. फणसाला मोकळं आवार हवं. जांभूळ मात्र पार्किंगच्या डोक्यावर लावायचा प्रस्ताव चुकूनही मांडू नये. पहिला बहर गाड्यांवर सांडला की विशेष सभा लागलीच म्हणून समजा.