सिस्टर रोझेटा: भजनातून निघालेलं रॉक

लग्नाला तिकीट होतं.

३ जुलै १९५१, वॉशिंग्टन शहरातलं ग्रिफिथ स्टेडियम. एरवी इथे बेसबॉलचे सामने चालतात. आज २०-२५ हजार माणसं पैसे मोजून आली आहेत. नवरी बघायचीच आहे, पण त्याहून जास्त ओढ तिचं वाजवणं ऐकण्याची आहे. विधी आटोपतात. नवरी लग्नाच्या पोशाखातच इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि मैफल सुरू होते. शेवटी आतषबाजी. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने हे लग्न ध्वनिमुद्रित करून रेकॉर्डवर आणलं.

नवरीचं नाव सिस्टर रोझेटा थार्प. वय ३६. तिचं हे तिसरं लग्न.

रॉक संगीताची गोष्ट सहसा एल्व्हिस प्रेस्ली आणि चक बेरी यांच्यापासून सुरू करतात. आम्ही ती रोझेटापासून सांगतोय. या दोघांची पहिली रेकॉर्ड निघण्याच्या कितीतरी आधी ही कृष्णवर्णीय बाई देवाची गाणी गाताना गिटारवर तेच वाजवत होती.

जन्म १९१५चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावचा. आई केटी बेल नुबिन मँडोलिन वाजवायची आणि गावोगाव प्रवचनं करायची. त्यांच्या पंथात देवासमोर गप्प बसायची रीत नव्हती. टाळ्या, डफ, नाच, आरोळ्या, सगळं चालायचं. रोझेटाने गिटार हातात घेतली ती या गजरात, अगदी लहान असताना. आईबरोबर ती शिकागोला आली, सभांमधून गात वाढली. पहिला नवरा टॉमस थॉर्प धर्मोपदेशक होता. ते लग्न टिकलं नाही. त्याचं आडनाव मात्र थोडं बदलून तिच्याकडे राहिलं.

१९३८ साली ती न्यूयॉर्कमध्ये होती. ऑक्टोबरात डेक्कासाठी चार गाणी गायली, त्यातलं एक ‘रॉक मी’. डिसेंबरात कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात गायला उभी राहिली. आणि त्याच काळात ती कॉटन क्लबमध्येही गात होती, जिथे दारू होती, नर्तकी होत्या, श्रीमंत गोरे प्रेक्षक होते. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकार बाईने तमाशाच्या फडात अभंग म्हणावा, तसा हा प्रकार. चर्चमधली माणसं दुखावली. रोझेटाने दोन्ही जागा सोडल्या नाहीत.

आता तिचा हात ऐका. ती एक ओळ गाते, थांबते, आणि पुढचं गिटार बोलते. एकेक सूर सुटा, धारदार, अँप्लिफायरचा आवाज मुद्दाम चढवलेला. १९४४ साली पियानोवर सॅमी प्राइसला घेऊन तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ गायलं. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. काही अभ्यासक यालाच पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड मानतात. हे ऐकल्यावर आम्हालाही तेच म्हणावंसं वाटतं.

१९४७ साली जॉर्जियातल्या मेकन शहरात कार्यक्रमाआधी एक पोरगा तिची गाणी गाताना तिने ऐकला आणि त्याला थेट मंचावर बोलावलं. तोच पुढचा रॉक गायक लिटल रिचर्ड.

दौरे मात्र सोपे नव्हते. दक्षिणेत हॉटेलं कृष्णवर्णीयांना खोली देत नसत, म्हणून ती स्वतःच्या बसमध्ये झोपायची. तिच्यासोबत गाणाऱ्या ‘जॉर्डनेअर्स’ या गायकांच्या चमूत सगळे गोरे होते. ते हॉटेलात जाऊन तिच्यासाठी जेवण आणायचे. काही वर्षांनी हेच जॉर्डनेअर्स एल्व्हिसच्या मागे गाताना दिसतात.

१९५०च्या दशकात तिने ब्लूज, म्हणजे देवाऐवजी संसारातल्या सुखदुःखाची गाणी, गायली तेव्हा चर्चचा श्रोता पुन्हा रागावला, आणि नव्या पोरांना रॉकमध्ये नवे चेहरे हवे होते. १९५७ साली ब्रिटिश जॅझ वादक क्रिस बार्बरच्या बँडबरोबर ती इंग्लंडला गेली. तिथे तिला नवा श्रोता मिळाला.

मे १९६४मधलं हे चित्रीकरण बघा. मँचेस्टरजवळचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. एका फलाटावर कलाकार, समोरच्या फलाटावर प्रेक्षक, मधून रूळ. पाऊस पडून गेलाय. रोझेटा घोडागाडीतून उतरते, लांब कोट अंगात, वय ४९. पांढरी गिब्सन गिटार उचलते आणि ‘डिडन्ट इट रेन’ सुरू करते. मध्येच गिटारचा एकल तुकडा येतो. तिच्या चेहऱ्यावर ताण नाही, हात सहज फिरतोय. समोर बसलेल्या तरुण गोऱ्या इंग्रज पोरांनी गिटारवर एका बाईची एवढी हुकूमत क्वचितच पाहिली असेल.

१९७० साली पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे एक पाय कापावा लागला. तरीही ती गात राहिली. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फियात तिचं निधन झालं. कबरीवर नावाचा दगड बसायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला, तोही चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे उभे केल्यावर.

रॉकमधल्या थोर कलाकारांचा गौरव करणाऱ्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने १९८६ साली पहिला सन्मान केला, त्यात चक बेरी, एल्व्हिस आणि लिटल रिचर्ड होते. रोझेटाचं नाव तिथे लागलं २०१८ साली, बत्तीस वर्षांनी. इतका उशीर का, याचं समर्थन होऊ शकत नाही. त्या सोहळ्यात आजची रॉक गायिका ब्रिटनी हॉवर्डने गिटार घेऊन ‘दॅट्स ऑल’ गायलं, रोझेटाच्या १९३८च्या पहिल्या चार गाण्यांतलं एक.