पकडीत सापडल्यावरचा एक क्षण : तुलूझचे गी नोवेस

नमस्कार श्रोतेहो. कबड्डीत पकड बसली तरी चढाई करणारा लगेच बाद होत नाही. मध्यरेषेला बोट लागेपर्यंत तो झुंजतो. रग्बीतही पकडलेल्या खेळाडूला असाच एक क्षण मिळतो. अंग जमिनीला टेकण्याआधी हात मोकळा असेल, तर चेंडू मागून आलेल्या साथीदाराला देता येतो. याला ऑफलोड म्हणतात. फ्रान्समधल्या तुलूझ क्लबची ओळख या एका गोष्टीवर उभी आहे, आणि गी नोवेस यांची कारकीर्दही.

नोवेस मूळचे विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारे. 1975 ते 1988 ते तुलूझकडून खेळले; 1985 आणि 1986 च्या फ्रेंच विजेत्या संघांत ते होते. तेव्हाचे प्रशिक्षक पिएर व्हिलप्रो आणि जाँ-क्लोद स्क्रेला यांचं सांगणं असं, की चाल आधी पाठ करून खेळू नका. समोरचा बचावपटू कुठे उभा आहे ते बघा आणि मग ठरवा.

सरावात याचं साधं रूप म्हणजे तिघांविरुद्ध दोघे. पट्टा अरुंद, दहाएक मीटरचा. बचावपटूंच्या जागा प्रत्येक फेरीत बदलायच्या, म्हणजे हल्ला करणाऱ्याला घोकलेलं उत्तर देता येत नाही. चेंडूवाल्याने बचावपटूच्या छातीवर न जाता एका खांद्याच्या बाहेर धडकायचं, म्हणजे पलीकडचा हात सुटा राहतो. साथीदाराने दोन पावलं मागे राहून, उशिरा पण वेगात यायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. तो घाईने पुढे निघून गेला, की पास पुढच्या दिशेला जातो. रग्बीत हाताने पुढे पास देता येत नाही, म्हणून स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी केलेली रेटारेटी, समोरच्या संघाला मिळतो. हात अडकलेला असताना जबरदस्तीने दिलेला पास तर सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो. तेव्हा मुकाट्याने खाली जाऊन चेंडू मागे ठेवणंच शहाणपणाचं.

1993 ते 2015 नोवेस यांनी याच क्लबला शिकवलं. 1994 ते 1997 सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं, पुढे 1999, 2001, 2008, 2011 आणि 2012. युरोपीय चषक 1996, 2003, 2005 आणि 2010 मध्ये. गंमत बघा, 2005 चा अंतिम सामना 18-12 आणि 2010 चा 21-19 असा जिंकताना या धावत्या संघाने एकही ट्राय केला नाही, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले नाहीत. सगळे गुण लाथेचे! अंतिम सामन्यात जागा मिळत नाही, तेव्हा पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली लाथ) आणि ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच मारलेली लाथ) हेच कामी येतात. नोवेस हे ओळखून होते. त्यांना निव्वळ देखण्या खेळाचे पुजारी म्हणणं मला पटत नाही.

'बघून ठरवा' या सांगण्याची किंमतही तुलूझने मोजली. 2004 च्या युरोपीय चषकाचा अंतिम सामना, लंडनचं ट्विकनहॅम मैदान, 20-20 अशी बरोबरी, शेवटची मिनिटं. वॉस्प्स या इंग्लिश क्लबच्या रॉब हाउलीने कडेने चेंडू लाथाडला. तुलूझचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा, क्लेमाँ प्वात्रनो चेंडू गोलरेषेपलीकडे जाण्याची वाट बघत राहिला. तिथे त्याने तो टेकवला असता तर धोका टळला असता. पण अंडाकृती चेंडू कुठे वळेल याचा नेम नसतो. हाउलीने झेप घेऊन त्याच्या आधी हात टेकवला. ट्राय, मग रूपांतर, म्हणजे ट्रायनंतर गोलावर मारलेली लाथ, 27-20.

नोवेस यांच्या जागी 2015 मध्ये आले उगो मोला, तेही जुने विंगर, नोवेस यांच्याच हाताखाली खेळलेले. 2021 आणि 2024 मध्ये त्यांच्या तुलूझने राष्ट्रीय विजेतेपद आणि युरोपीय चषक एकाच हंगामात घरी आणले.