एक चौकट चिखल

(दृश्य : सकाळचे सहा. ऐरोलीजवळचा खाडीकिनारा. तिवरांच्या मागे उघडी पडत चाललेली चिखलाची पट्टी.)

निवेदन : ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की पाणी आवाज न करता मागे सरकते आणि तिवरांच्या श्वसनमुळांपासून पुढे करडा, चकचकीत चिखल उघडा पडत जातो. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीकडे आपण एरवी ऐरोलीच्या किंवा वाशीच्या पुलावरून पाहतो, तेही लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसली तरच. या पक्ष्यांमुळेच २०१५ मध्ये खाडीचा एक भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. मात्र मोठा रोहित ज्या कृमींवर आणि बारीक कवचधारी प्राण्यांवर जगतो, ते या चिखलात राहतात, आणि त्यांच्यासाठी पुलावर कोणी थांबत नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली ही विद्यार्थिनी मात्र त्यांच्यासाठीच थांबली आहे. सागरी जीवशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत तिला आठ आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप मिळाली आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीने किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागांवर जायचे, चिखल गोळा करायचा आणि त्यात कोण किती आहे हे मोजायचे, एवढेच तिचे काम आहे.

पहिला धडा तिला प्रयोगशाळेत नाही, तर धक्क्यावर मिळाला. सोयीचा म्हणून तिने शनिवार निवडला होता, आणि त्या दिवशी अष्टमी होती. होडी घेऊन येणाऱ्या कोळी काकांनी पाण्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “पोरी, आज भांग हाय, चिखल उघरा परनार नाय.” अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास भरती असते, तर सकाळी आणि संध्याकाळी पाणी खोलवर ओसरते, अष्टमीच्या भांगाला ते धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. खालच्या पट्टीतला चिखल हवा असेल तर दिवस माणसाने ठरवायचा नसतो. त्या दिवसापासून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तारखांशेजारी तिथी लिहिलेल्या आहेत.

(दृश्य : चिखलावर टेकवलेली लोखंडी चौकट. आत एक निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा छोटा मासा, उडी मारून येते आणि निघून जाते.)

चौकट पंचवीस सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद आहे. तिच्या आतला चिखल खुरप्याने ठरावीक खोलीपर्यंत काढून, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत घालून तो खाडीच्याच पाण्याने धुवायचा असतो. नळाचे गोडे पाणी चालत नाही, कारण खाऱ्या पाण्यात वाढलेले नाजूक जीव त्यात फुगून फुटतात. चाळणीत शेवटी मूठभर ऐवज उरतो : शिंपल्यांचे तुकडे, पानांच्या शिरा, प्लॅस्टिकच्या पिशवीचे धागे आणि त्यांच्यात गुंतलेले कृमी.

अशा सोळा चौकटी मिळून एक चौरस मीटर होतो. त्यामुळे मोजलेल्या प्रत्येक आकड्याला सोळाने गुणावे लागते, आणि नजरेतून निसटलेला एक कृमी हिशेबातून सोळा कृमी वजा करतो. मला या कामातली सर्वांत कठोर आणि सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, की पानाची शीर कोणती आणि कृमी कोणता हे ओळखताना झालेला क्षणाचा कंटाळा सोळा पटींनी मोठा होऊन अहवालात जाऊन बसतो.

(दृश्य : प्रयोगशाळा. पांढरा ट्रे, चिमटा, सूक्ष्मदर्शक.)

हा कंटाळा येऊ नये म्हणून नमुन्यात रोझ बंगाल नावाचा रंग घालतात. तो प्राण्यांच्या शरीरातल्या प्रथिनांना धरतो, आणि करड्या काडीकचऱ्यात कृमी गडद गुलाबी होऊन उठून दिसतात. मग एकेक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. दहापटीने मोठा दिसणारा हा जीव साध्या दोऱ्यासारखा मुळीच नाही. त्याच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंना लहान पायांसारखे उंचवटे आहेत, त्यांतून राठ केसांच्या जुड्या निघालेल्या आहेत, आणि एकाच्या तोंडातून काळे, आकड्यासारखे वळलेले दोन जबडे बाहेर आले आहेत. हे जबडे पहिल्यांदा दिसले तेव्हा ती कितीतरी वेळ नोंद करायची विसरून पाहत राहिली होती. काही कृमी मात्र साधे, लालसर आणि बारीक असतात. सांडपाण्याने चिखलातला प्राणवायू घटला, की इतर जीव नाहीसे होतात आणि कॅपिटेला नावाचा असाच एक कृमी वाढत जातो. म्हणून नुसती संख्या पुरत नाही, कुळ ओळखावेच लागते.

पाण्यातला प्राणवायूही रोज तपासला जातो. बुडबुडा न राहू देता भरलेल्या बाटलीत दोन रसायने घातली, की प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो आणि नसल्यास पांढरा.

(दृश्य : फडताळात ओळीने मांडलेल्या बाटल्या.)

चूक झाली ती मे महिन्याच्या शेवटी, पौर्णिमेच्या फेरीत. तीन बाटल्यांवर तिने मार्करने बाहेरून जागेचे नाव लिहिले होते. कृमी टिकावेत म्हणून आत घातलेला अल्कोहोल झाकणाजवळून पाझरला आणि सकाळपर्यंत शाई पुसली गेली. बाटल्यांतले कृमी सुरक्षित होते, पण ते कुठले होते हे सांगणारे काही उरले नव्हते. अंदाजाने नावे लावता आली असती. तिने ती लावली नाहीत. तिन्ही बाटल्या बाजूला काढून मार्गदर्शक बाईंना सर्व सांगितले. तेव्हापासून प्रत्येक बाटलीत, कृमींच्या सोबतच, पेन्सिलीने लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी बुडालेली असते, कारण शिशाची अक्षरे अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत.

पुढचे उधाण येईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. त्याच जागांवर ती पुन्हा गेली, परंतु पाण्याचा खारेपणा उतरला होता, वरच्या चिखलावर नवा गाळ बसला होता आणि रोहित पक्षीही दिसत नव्हते. पावसाआधीचा तो चिखल आता पुढच्या मेपर्यंत मिळणार नव्हता.

(दृश्य : वहीचे पान. पेन्सिलीचे आकडे जवळून.)

तिच्या तक्त्यात काही रकान्यांत शून्य आहे. तिथे चौकट ठेवली गेली, चिखल चाळला गेला आणि काहीच सापडले नाही. पौर्णिमेच्या फेरीतल्या तीन जागांसमोर मात्र शून्य नाही. तिथे तिने एक आडवी रेघ मारली आहे.