एक शिट्टी, दोन कुकर

नमस्कार श्रोतेहो.

सकाळची वेळ आहे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी आत्ता कुकर लागलेला असेल. असू द्या. आज बोलायचंय ते लाल सिग्नलबद्दल. समोर लाल दिवा असताना गाडी पुढे जातेच कशी, याबद्दल. पण त्याची वाट कुकरवरूनच जाते, तेव्हा गॅसपाशी उभं राहूनच ऐका.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. निवृत्त मोटरमन. आयुष्यभर लोकल चालवली. माणूस इतका काटेकोर, की रिक्षात बसले तरी चौकातला दिवा बघून मोठ्यांदा म्हणणार, "पिवळा." रिक्षावाला दचकून मागे बघतो. लांबच्या गाडीच्या इंजिनात दोघं असतात, एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा. म्हणून काका स्वतःलाच सांगायचे, आणि ती सवय घरी आली.

तर एकदा संक्रांतीच्या दिवसांत काकू हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. मी सोसायटीच्या कागदावर काकांची सही घ्यायला गेलेलो. काकू चपला घालता घालता बजावत होत्या, "डावीकडे बटाटे, दोन शिट्ट्या. उजवीकडे डाळभात, तीन. कळलं ना?" काका म्हणाले, "अगं, मी बारा डब्यांची गाडी चालवलीय." काकू म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय."

काकू गेल्या. काका मला सांगत होते, की गाडी उशिरा आली की लोक मोटरमनला शिव्या घालतात, पण दारात लटकून दार अडवणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. (यात मी काकांच्या बाजूचा आहे. दारात उभं राहून हवा खाणाऱ्यांबद्दल मला एक अख्खं भाषण करायचंय, पण केंद्रवाले वेळ देत नाहीत.) बोलता बोलता शिट्टी झाली. काकांचं बोट वर गेलं, "एक." पुन्हा शिट्टी. "दोन." वाक्य न तोडता काका उठले, डावा गॅस बंद केला, परत येऊन बसले आणि तेच वाक्य पुढे चालू. मला तर कौतुकच वाटलं.

मग पुन्हा शिट्टी. "एक." थोड्या वेळानं, "दोन." मग "तीन", आणि उजवा बंद. सहीही झाली. तेवढ्यात काकू वाणाची वाटी घेऊन दारात. नाकाला पदर लावून आत गेल्या आणि आतूनच ओरडल्या, "अहो, बटाटे दगडासारखे आहेत! आणि डाळ खाली लागलीय!"

झालं असं होतं, की पाचही शिट्ट्या उजव्या कुकरच्या होत्या. डाव्याची शिट्टी एकदाही झाली नव्हती. काकूंनी एकच विचारलं, "शिट्टी कुठल्या कुकरची, ते बघितलंत का?" काका काही बोलले नाहीत. काकू तिळगुळाचा डबा आपटत होत्या, आणि हा माणूस पांढराफटक. मग मला हळूच म्हणाले, "शिट्टी ऐकली आणि हात गेला रे. हाच तो एकशेनऊ."

एकशेनऊ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. लंडनला पॅडिंग्टन स्टेशनच्या बाहेर एसएन १०९ नावाचा सिग्नल होता. ५ ऑक्टोबर १९९९, मंगळवार, सकाळी आठ वाजून गेलेले. पॅडिंग्टनहून तीन डब्यांची एक लोकल निघाली. समोरून चेल्टनहॅमची एक्सप्रेस भरधाव येत होती. लोकलने १०९ चा लाल ओलांडला आणि लॅडब्रोक ग्रोव्हपाशी दोन्ही गाड्या समोरासमोर धडकल्या. दोघांचा वेग मिळून ताशी सुमारे २१० किलोमीटर. ३१ माणसं गेली, त्यात दोन्ही गाड्यांचे चालकही. चारशेहून जास्त जखमी.

आता कुकर आठवा. तिथल्या गाड्यांत एडब्ल्यूएस नावाची यंत्रणा होती. सिग्नल हिरवा असला तर घंटा वाजते. हिरवा नसला तर भोंगा. पण भोंगा पिवळ्याला तोच, दोन पिवळ्यांना तोच, आणि लालला पण तोच. चालकानं बटण दाबलं की भोंगा बंद, गाडी चालू. नाही दाबलं तर ब्रेक लागतात. एक शिट्टी, दोन कुकर. त्या चालकानं १०९ पाशी बटण दाबलं होतं, यंत्रावर त्याची नोंद सापडली. शिट्टी ऐकली, हात गेला.

आणि तो सिग्नल तरी धड दिसत होता का? वर ओव्हरहेड वायरचं जंजाळ, अलीकडे पूल, दिव्यांची मांडणी उलट्या एल अक्षरासारखी. गाडी पश्चिमेला चाललेली, म्हणजे सकाळचं तिरपं ऊन पाठीमागून थेट दिव्यांच्या काचांवर. चालकाची परीक्षा पास होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्याहून मोठी गोष्ट ऐका: त्याआधीच्या सहा वर्षांत हाच सिग्नल आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा, श्रोतेहो. एकाच जागी आठ जण ठेचकाळले तर आपण माणसांना बोलू की फरशीला?

पण बोलतात माणसालाच. १९८९ मध्ये, तिथेच लंडनच्या दक्षिणेला पर्लीपाशी असाच अपघात झाला, पाच जण गेले. चालकानं गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. त्याआधी पाच वर्षांत पर्लीचा तो सिग्नलही लाल असताना चार वेळा ओलांडला गेला होता, ही गोष्ट पुढे आली, आणि २००७ मध्ये न्यायालयानं त्याला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. अठरा वर्षांनी. आपल्याकडेही अपघाताच्या पहिल्या तासात टीव्हीच्या पट्टीवर 'चालकाची चूक' असं येतं, तेव्हा मी टीव्ही बंद करतो. बायको म्हणते, निदान बातमी पुरती तरी ऐका. असो.

काका म्हणतात, मुंबईच्या लोकलमध्येही एडब्ल्यूएस नावाचीच यंत्रणा आहे, पण इथे लाल ओलांडला की बटण कितीही दाबा, ब्रेक लागतातच. पॅडिंग्टनच्या त्या लोकलला तेवढं नव्हतं. लॅडब्रोक ग्रोव्हनंतर ब्रिटिशांनीही लालवर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा देशभर बसवली. तिचं ठरलं होतं आधीच, बसवायची राहिली होती.

परवा मी काकांकडे गेलो होतो. दोन्ही कुकर चढलेले. शिट्टी झाली तसे काका पेपर टाकून उठले, ओट्यापाशी जाऊन कुकरकडे बोट दाखवून मोठ्यांदा म्हणाले, "उजवा. एक." आतून काकूंचा आवाज आला, "डावा होता."

नमस्कार.