कव्हर सगळ्यात शेवटी: ट्रेलर हिवाळाभर उघड्यावर ठेवण्याआधी

नमस्कार मंडळी! आज ट्रेलरच्या शेजारीच उभी आहे, कारण आजचा विषय हात लावून दाखवावा लागणार आहे. मिशिगनमध्ये ऑक्टोबर उजाडला की ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, असलेल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो. आता हा एप्रिलपर्यंत ठेवायचा कुठे? ड्राइव्हवेवर ठेवायला बऱ्याच एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटना, परवानगी देत नाहीत, गॅरेजमध्ये तो मावत नाही आणि बंदिस्त स्टोरेजचं भाडं ऐकून आपण गप्प बसतो. मग राहतो तो उघडा लॉट. खाली खडी, वर आभाळ.

आणि मग बहुतेक जण एक कव्हर मागवतात, शनिवारी ते ट्रेलरवर चढवतात, पट्टे आवळतात आणि निश्चिंत होतात. मला आज तुम्हाला एकच गोष्ट पटवायची आहे. कव्हर हे सगळ्यात शेवटचं काम आहे. ट्रेलर खराब होतो तो सांध्यांमधून. छताची कड, खिडकीची चौकट, वरचे छोटे दिवे, कुठेतरी केसाएवढी फट पडते आणि पाणी तिथून आत जातं. ती फट तशीच ठेवून वर कव्हर घातलंत, तर आत गेलेली ओल नुसती झाकली जाते. वाळत नाही.

कोकणात आगोटीच्या आधी छपरावर चढून कौलं परततात, फुटलेलं कौल हुडकून बदलतात. आपलं काम अगदी तेच आहे, फक्त पावसाऐवजी बर्फ. आणि बर्फ जास्त त्रासदायक, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. फटीत साचलेलं पाणी रात्री गोठतं, फट थोडी रुंद करतं, दुपारी वितळून आणखी आत जातं आणि रात्री पुन्हा गोठतं. जानेवारीत सलग गोठलेलंच असतं, ते एक वेळ परवडलं. मार्चमध्ये दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं हे रोजचं सुरू होतं, आणि खरं नुकसान तेव्हा होतं.

[शॉट: शिडीवरून छत]

चला, वर. त्याआधी दोन गोष्टी. तुमचं छत चालण्याजोगं आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा, सगळी छतं तशी नसतात. आणि शिडी धरायला खाली कोणीतरी हवंच. दव असताना, किंवा साबण लावल्यावर, रबरी छत कमालीचं निसरडं होतं. मी प्लायवूडचा तुकडा टाकते आणि त्यावर गुडघे टेकून काम करते, म्हणजे वजन एका जागी येत नाही.

हे छत ईपीडीएमचं, म्हणजे रबराच्या चादरीचं आहे. हे बघा, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. उन्हाने वरचा थर झिजतो, तीच ही भुकटी. भिंतीवर ज्या काळपट रेघा उतरतात ना, त्यात ही भुकटी आणि धूळ दोन्ही असतं. म्हणून नुसती भिंत घासून उपयोग नाही, आधी छत धुवायचं. मऊ ब्रश, भांड्यांचा सौम्य साबण, भरपूर पाणी. पेट्रोलियम असलेलं कुठलंही क्लीनर रबरावर नको, रबर फुगतं. आणि प्रेशर वॉशर तर छताच्या जवळही आणू नका. सांध्याखाली पाणी घुसवायला त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

[शॉट: व्हेंटच्या कडेचं सीलंट, अगदी जवळून]

आता इथे नीट बघा. हा व्हेंट, म्हणजे छतातला हवेचा झरोका, आणि त्याच्या चारही बाजूंना हा जाड राखाडी थर म्हणजे लॅप सीलंट. वरून छान दिसतोय. पण अंगठा दाबून बाजूला ओढते, दिसलं? कड उचलली गेली. खाली मळाची बारीक रेघ आहे. मळ आत गेलाय म्हणजे पाणीही जातंय. नुसतं उभं राहून बघितलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. त्यामुळे प्रत्येक व्हेंट, अँटेना, प्लंबिंगचा पाइप, पुढची आणि मागची आडवी पट्टी, सगळीकडे असा अंगठा फिरवायचा. तास गेला तरी चालेल.

जे सीलंट घट्ट चिकटलेलं आहे ते खरवडू नका. सुटलेलं तेवढं प्लास्टिकच्या पट्टीने काढा, धातूची पट्टी रबर कापते. जागा धुवा, पूर्ण कोरडी करा आणि नवीन भरा. आडव्या भागावर सेल्फ-लेव्हलिंग सीलंट, ते आपोआप पसरून बसतं. उभ्या भागावर नॉन-सॅग, नाहीतर ओघळून खाली येईल. दुकानात लोक सरसकट ‘डायकॉर द्या’ म्हणतात. ते कंपनीचं नाव आहे, पण प्रकार दोन आहेत, ट्यूबवर वाचून घ्या. आणि बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नका. आज ते चिकटेल, पण पुढे त्यावर दुसरं काहीही धरत नाही आणि ते पूर्ण काढणं म्हणजे महाकठीण काम.

हे काम ऑक्टोबरमधल्या उबदार दुपारी उरका. थंडीत सीलंट घट्ट होतं, पसरत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत करू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

[शॉट: पुढचा कोपरा, खालून]

खाली आले. ही कोपऱ्यातली ॲल्युमिनियमची उभी मोल्डिंग, आणि तिच्यात बसवलेली ही व्हिनाइलची पट्टी. ही पट्टी फक्त शोभेची आहे असं वाटतं, पण तिच्यामागे स्क्रूंची रांग आहे. उन्हाने ही पट्टी आखडते. इथे खाली बघा, बोटभर आखूड झालीये आणि शेवटचा स्क्रू उघडा पडलाय. स्क्रूचं डोकं तांबूस झालंय आणि खाली गंजाचा एक ओघळ आलाय. असा ओघळ दिसला की समजायचं, पाणी स्क्रूच्या भोकातून लाकडापर्यंत जातंय. पट्टी फुटावर मिळते, स्वस्त असते आणि हाताने दाबून बसवता येते. गंजलेला स्क्रू बदलून, त्यावर सीलंट लावून मगच नवी पट्टी बसवा.

सगळ्यात वर, छताला लागून हे जे पिवळट दिवे आहेत, तिथूनही पुष्कळ गळती होते. दिव्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सीलंट लावा, खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. खिडक्यांचंही तसंच. चौकटीच्या तळाला बारीक भोकं असतात ती पाणी निघायलाच असतात. उत्साहाच्या भरात ती बुजवू नका.

हा एवढा खटाटोप कशासाठी, तर भिंतीच्या रचनेसाठी. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर आपल्या शेजारच्या इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या आसपास तयार होतात. आरव्हीचं, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांचं, हॉल ऑफ फेमही तिथेच आहे, मुलांना घेऊन जरूर जा. कंपनी कुठलीही असो, फायबरग्लासच्या ट्रेलरची भिंत बऱ्याचदा अशीच असते: बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याला मागून चिकटवलेलं पातळ प्लायवूड, मग फोम. प्लायवूड भिजलं की चिकटवलेला थर सुटतो आणि भिंतीला फुगा येतो. याला डीलॅमिनेशन म्हणतात. तो फुगा पूर्ववत करणं फार खर्चिक असतं, बऱ्याचदा अख्खी भिंत बदलावी लागते.

तो ओळखायचा कसा? संध्याकाळी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि भिंतीच्या रेषेत बघा. दिवसा अजिबात न दिसणारा उंचवटा सावलीमुळे लगेच उठून दिसतो. दिसलाच तर खडूने कडा आखून फोटो काढून ठेवा. वाढतोय की थांबलाय ते वसंतात कळेल.

छत झालं, सांधे झाले. मग भिंती धुवायच्या. पुढच्या भागावर चिकटलेले किडे, झाडाचा चीक, पक्ष्यांची घाण, काहीही राहता कामा नये. फायबरग्लासला मेण लावा. छताला मात्र मेण नको. ऑनिंग, म्हणजे बाजूला उघडणारं कापडी छप्पर, पूर्ण उघडून, वाळवून मगच गुंडाळा, ओली गुंडाळली तर एप्रिलमध्ये बुरशीचा नकाशा मिळेल. स्लाइड-आउट, म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग, आत घ्या. त्याच्या रबरी सीलला त्याच्यासाठीच मिळणारं कंडिशनर फवारा.

आता कव्हर. निळी ताडपत्री घालणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करते, नका घालू. ती श्वास घेत नाही, खालची वाफ तिथेच गोठते, आणि वाऱ्यात फडफडून भिंत अक्षरशः घासून काढते. कव्हर हवेशीर कापडाचं घ्या, मापाचं घ्या. ढगळ कव्हर फडफडतं आणि त्याखाली धूळ असेल तर ती सँडपेपरचं काम करते. म्हणूनच आधी धुवायचं.

कव्हर फाटतं कुठे, तर या इथे. [शॉट: पन्हळीची चोच] छताच्या पन्हळीची ही प्लास्टिकची चोच चारही कोपऱ्यांवर असते आणि सुरीसारखी लागते. प्रत्येकीवर टेनिसचा बॉल चिरून बसवा. अँटेना, शिडीच्या कडा, व्हेंटचे कोपरे यांना पोहण्याच्या नूडल्स, म्हणजे फोमच्या लांब नळ्या, कापून बांधा. पट्टे ट्रेलरच्या पोटाखालून घ्या, घट्ट पण ताण न येईल इतपत.

आणि तुमचा लॉट उघड्या माळावर असेल, वारा अडवायला आजूबाजूला काहीच नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे: सांधे नीट करा आणि कव्हर घालूच नका. सैल कव्हरपेक्षा उघडा ट्रेलर बरा. फिनिक्स किंवा ह्यूस्टनला राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, तिथे शत्रू ऊन आहे. तिथे ट्रेलर शेडखाली ठेवायला मिळाला तर तेवढे पैसे जरूर मोजा.

जागा निवडताना झाडाखालची टाळा. सावली चांगली वाटते, पण चीक, पानं आणि बर्फाने मोडणाऱ्या फांद्याही तिथेच पडतात. गवतावरही नको, खालून सतत ओल येते. पुढची बाजू जॅकने थोडी उंच ठेवा, म्हणजे छतावर पाणी साचत नाही.

टायर! ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त जातात. ऊन आणि हवेने बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडतात. बाजूला डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. हवा भरा, पांढरी कव्हरं घाला, खाली फळी ठेवा. तापमान १० अंश फॅरनहाईटने उतरलं की दाब साधारण १ ते २ पीएसआयने उतरतो, त्यामुळे जानेवारीत एकदा गेज घेऊन जा.

जानेवारीत जायचंच आहे, मोठ्या वादळानंतर तर नक्की. पट्टे बघा, कव्हर सरकलं असेल तर ओढून घ्या. ओला बर्फ फार जड असतो. तो फोमचं डोकं असलेल्या लांब दांड्याने जमिनीवरूनच ओढा. बर्फात शिडी लावून वर जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

शेवटचं, आणि हे मी कधीच टाळत नाही. उंदीर आणि गांधीलमाश्या येऊ नयेत म्हणून आपण तळाची भोकं तांब्याच्या जाळीने बुजवतो, फर्नेसची, म्हणजे गॅसवरच्या हीटरची, बाहेरची तोंडं झाकतो. एप्रिलमध्ये ती तशीच राहिली आणि फर्नेस पेटवली, तर कार्बन मोनॉक्साईड आत येऊ शकतो. म्हणून काय काय झाकलंय त्याची यादी कागदावर लिहा आणि तो कागद आत थर्मोस्टॅटवरच चिकटवा, म्हणजे तो काढल्याशिवाय बटणापर्यंत हातच जाणार नाही.

पाण्याच्या पाइपांचं आणि गुलाबी अँटीफ्रीझचं काम वेगळं आहे, त्याचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात करते. तोपर्यंत हवा चांगली आहे, छतावर जाऊन या.